गप्प ग्राहकाचा भुर्दंड

स्पर्धा वाढली की दर आपोआप उतरतात, हा समज अर्धसत्य आहे. स्पर्धेचा लाभ जागचे हलण्याची तयारी असलेल्या ग्राहकालाच होतो. जानेवारी २०११ पासून क्रमांक कायम ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची मुभा देशभर आहे. अठ्ठावीस दिवसांचा ‘महिना’ वर्षात तेरा वेळा पैसे भरावयास लावतो. म्हणून नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये तीस दिवसांची किमान एक योजना सक्तीची केली. इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी केवळ संभाषण व संदेशांची योजना डिसेंबर २०२४ मध्ये बंधनकारक झाली. परंतु हे हक्क किती जण मागतात?

घरच्या ब्रॉडबँडचेही तेच. जाहिरातीतील पाचशे रुपये अठरा टक्के करानंतर ५९० होतात. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी जोडणीचा व राउटरचा खर्च विचारावा, दुसऱ्या कंपनीचा दर लेखी घ्यावा आणि मगच घासाघीस करावी. जेथे इमारतीत एकाच कंपनीची तार आली आहे, तेथे रहिवाशांनी एकत्र येऊन दुसरीला बोलवावे. मूल रडल्याखेरीज आईही पाजत नाही. कंपनी तर परकीच!