लेखणीची भीति

आमच्या सुशिक्षित घरांत एक चमत्कारिक भीति आढळते. लेखणी हातीं घेतली कीं, ‘आपल्या घरगुती भाषेंत लिहिण्याजोगें तें काय असणार?’ या शंकेनें हात आखडतो.

ही शंका जुनीच आहे. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस राहिलेले दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या काळीं मराठी ही संस्कृतापुढें दीन, असें पुष्कळ पंडित मानीत. सव्वा लक्ष ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या ‘गीतार्णवां’त दासोपंतांनीं त्यांस उत्तर दिलें, तें घरांतल्या मडक्यांचें! संस्कृत एका ‘घट’ शब्दावर भागवितें. मराठींत हारा, डेरा, रांजण, सुगड अशीं निरनिराळीं नांवें आहेत. मग एका ‘घटा’नें त्या साऱ्यांचा बोध कसा व्हावा, असा त्यांचा सवाल. ‘पंचीकरणा’सारखा तत्त्वविषयही त्यांनीं सुमारें ४० फूट लांबीच्या पासोडीवर मराठींतच लिहिला.

वाचकहो, ज्या शब्दांची आपणांस लाज वाटते, तेच आपलें भांडवल होय. भीति जाण्याची वाट पाहत बसूं नये. ती लिहितां लिहितांच ओसरते. घरांतील वडील मंडळींच्या तोंडचा एखादा शब्द, अर्थासह, आज वहींत उतरावा. पुढचें वाक्य सुचण्यास मग फारसा वेळ लागत नाहीं.