लेखनाची बैठक

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून लेख मागविले तेव्हा होकार पुष्कळ आले, लेख थोडे आले. राहिलेल्यांचे उत्तर बहुधा एकच होते: लिहायचे मनात आहे, पण सवड मिळत नाही. त्यांत असेही काही आहेत की ज्यांच्या कथा-कविता आम्ही एके काळी शाळेच्या भित्तिपत्रकावर लावल्या आणि ज्यांना आजही लेखक व्हावयाचे आहे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

वसतिगृहात पहाटे घंटा होई. वंदना, अभ्यास, न्याहारी, पुन्हा अभ्यास. मन लागो वा न लागो, घंटेसरशी सारे वहीपुढे बसत. शाळा सुटली तशी ती घंटाही सुटली. नोकरी, शेती, संसार यांतून उरेल त्या वेळेत लिहू, असे जो म्हणतो त्याला वेळ कधीच उरत नाही, असा आमचा अनुभव आहे. लिहिण्याची वेळ आधी बाजूला काढावी लागते. उरलेल्या दिवसात बाकीची कामे कशीबशी बसतातच.

आपल्या मुलखाकडेच पाहावे. आटपाडीचे शंकरराव खरात गावच्या तराळाचे पुत्र. वकिली, ‘प्रबुद्ध भारत’चे संपादन, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद अशी कामे करीत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि १९८१ साली, वयाच्या साठीत, ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र दिले. ‘बनगरवाडी’चे कर्ते व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत दीर्घकाळ नोकरीस होते. ‘फकिरा’ लिहिणारे वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईत चिरागनगरच्या झोपडीत राहिले. यांपैकी कोणालाही रिकामा दिवस आणि शांत खोली कोणी आणून दिली नव्हती.

बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या घरोघरी ठाऊक आहे. शरीर साथ देत नसताना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम त्यांनी पुढे नेले. दिवसा सरकारी नोकरी करणारे नानकचंद रत्तू संध्याकाळी येऊन त्यांचे टंकलेखन करीत. ५ डिसेंबर १९५६च्या रात्रीही त्या ग्रंथाचे प्रास्ताविक बाबासाहेबांनी आपल्याजवळ ठेवून घेतले होते.

आता प्रत्यक्ष काय करावे? आपल्या दिवसाचा आठवडाभर प्रामाणिक हिशेब लिहावा. कोणाला धारा काढून झाल्यावरची पाऊण घटका सापडते, कोणाला मुले निजल्यानंतरची. ती एकच वेळ धरावी व घरच्यांना सांगून ठेवावी. पाऊण घटका म्हणजे अठरा मिनिटे. आरंभी तेवढी पुरे. माप लहान ठेवावे, रोज एक परिच्छेद. दोन तासांचा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मग अपराधीपणाने वही उघडवत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहू नये, नेहमीएवढेच लिहावे. उठताना विचार अर्धा असतानाच थांबावे, म्हणजे उद्या कोठून सुरू करावे हा प्रश्न राहत नाही. आणि लिहिताना खाडाखोड करू नये. शुद्धलेखनाची चिंता हे आमच्यासारख्या शिक्षकांनीच तुमच्या मनात घातलेले भय आहे, ते दुरुस्तीच्या दिवसापर्यंत बाजूला ठेवावे.

लेखन हीच वृत्ती करू पाहणाऱ्याने आणखी एक हिशेब ठेवावा. मराठीत केवळ मानधनावर घर चालविणे कठीण आहे. म्हणून चाकरी सोडण्याची घाई करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. दिवाळी अंकांचे साहित्य पावसाळ्यातच संपादकांकडे पोहोचावे लागते. तेव्हा उन्हाळ्यात कच्चा खर्डा, मृगात दुरुस्ती, असे वर्षाचे चक्र आखावे. कोणते लेखन कोठे, कोणत्या तारखेस पाठविले, ते वहीत टिपावे. साभार परत आलेले लेखन पुन्हा वाचावे आणि दुसरीकडे पाठवावे.

ही घाई आम्हांला का वाटते, तेही सांगतो. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडीवर दिवस काढलेली पिढी आज वृद्ध झाली आहे. ऊसतोडीला गेलेल्यांची खोपटी, चारा छावणीत जनावरांशेजारी काढलेल्या रात्री, गावकुसाबाहेरचे पाणी, हे ज्यांनी पाहिले त्यांची मुले आमच्याकडे शिकली आणि लिहिती-वाचती झाली. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारता येते. गेल्या दोन वर्षांत आमच्या परिचयातील असे तिघे गेले. त्यांच्याबद्दल लिहीन म्हणणारे नातू आमच्या माजी विद्यार्थ्यांत आहेत.

आमचा एक विद्यार्थी एस.टी.त वाहक आहे. कामावर रुजू होण्यापूर्वी तो अर्धा तास आधी आगारात येतो आणि बाकावर बसून लिहितो. प्रथम सहकारी हसत. आता चहा आणून ठेवतात आणि बोलत नाहीत. त्याच्या आजीवरील लेख या अंकात आहे. तो लिहावयास त्याला एकोणीस सकाळी लागल्या.