एकवेळचा निधी, कायमचा खर्च

अमेरिकेतील सरकारी शाळांच्या चालू खर्चापैकी सुमारे ८० टक्के रक्कम कर्मचाऱ्यांचे वेतन, निवृत्तिवेतन व विमा यांवर जाते. हा भार प्रामुख्याने राज्ये व स्थानिक कर उचलतात. कोरोनापूर्वी केंद्राचा वाटा सुमारे ८ टक्के होता. मात्र, २०२० व २०२१मध्ये तीन कायद्यांद्वारे केंद्राने शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलरचा आपत्कालीन निधी दिला. तिसऱ्या कायद्यानुसार स्थानिक शाळा मंडळांना आपल्या वाट्यातील किमान २० टक्के रक्कम बुडालेला अभ्यास भरून काढण्यावर खर्च करणे बंधनकारक होते. वर्गांतील वायुवीजनाची दुरुस्ती एकदाच करावी लागते. नव्या शिक्षकांचे वेतन मात्र दरवर्षी द्यावे लागते. अखेरच्या निधीचा विनियोग निश्चित करण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. पर्यायी तरतूद नसलेल्या मंडळांपुढे त्यानंतर नोकरकपात, अन्य खर्चात काटछाट किंवा करवाढ एवढेच मार्ग उरले.