पेरणीआधी बैलाला लस टोचा

राणीसावरगावात पोळ्याला आपण बैलांचे खांदे मळतो, झूल घालतो, पुरणपोळी चारतो. पण पोळा येतो श्रावणाच्या अवसेला. बैलावरचे संकट येते त्याच्या आधी, मृगाच्या पावसाबरोबर.

पावसाळ्यात घटसर्प पसरतो. जनावराला ताप येतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो. दिवसा-दोन दिवसांत ते दगावते. फऱ्या रोगात मांडी किंवा खांदा सुजतो. सूज दाबली की करकर वाजते. आपला लाल कंधारी बैल काटक खरा, पण या रोगांपुढे त्याचेही काही चालत नाही. ऐन पेरणीत एक बैल गेला, की जोडी मोडली. मग तिफण कशी चालायची?

हे रोग जंतूंमुळे होतात. ती कुणाची करणी नव्हे. लस टोचली की बहुधा टळतात. मात्र लशीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यातच जनावरे गुरांच्या दवाखान्यात न्यावीत. सहा महिन्यांवरची वासरेही न्यावीत. गोठा कोरडा ठेवावा. आजारी जनावर वेगळे बांधावे आणि डॉक्टरांना लगेच बोलवावे. मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे.

बैल वर्षभर आपल्यासाठी राबतो. त्याच्यासाठी एक दिवस काढणे आपल्याला जड का वाटावे?