गारव्याची खोली आणि तिथं पोहोचवणारी माणसं

जुलै 1995 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात पारा 41 अंशांवर गेला, त्यात हवा कमालीची दमट. रात्रीही घरं निवेनात. अनेक भागांत वीज गेली. शवागार अपुरं पडलं आणि मृतदेह ठेवायला शीतगृहाचे ट्रक उभे करावे लागले. पुढं हिशेब लागला तेव्हा नेहमीपेक्षा 739 मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. विदर्भातल्या वाचकाला 41 अंश म्हणजे एप्रिलमधली साधी दुपार वाटेल. मग एवढी माणसं गेली कशी?

निम्मं उत्तर घामात आहे. बाहेरची हवा त्वचेपेक्षा तापली, की अंगातली उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणं हाच एक मार्ग उरतो. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं आपण उन्हाळ्यात तगतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत मात्र घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून तापमापीला ओलं फडकं गुंडाळून मिळणारा आकडा, म्हणजे वेट बल्ब तापमान, महत्त्वाचा. नागपुरात 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर तो सुमारे 24 येतो. मुंबईत 36 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेला तो 29 च्या घरात जातो. हा आकडा 35 झाला की माणूस तगणार नाही, असा सिद्धांत होता. पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांत दमट हवेत निरोगी तरुणांच्या अंगातही 31 च्या आसपासच उष्णता साठू लागली. म्हाताऱ्यांची मर्यादा त्याहून खाली. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानावर सोहळ्याला जमलेले 14 जण उष्माघातानं गेले, ते विदर्भातल्या उन्हात नव्हे, समुद्राजवळच्या हवेत.

उरलेलं उत्तर समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी शोधलं. शिकागोत नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन गरीब वस्त्या एकमेकींना लागून आहेत. ऊन तेच. तरी पहिलीत मृत्यूचं प्रमाण लाखामागे 40 आणि दुसरीत 4. दुसऱ्या वस्तीत दुकानं होती, रस्त्यावर वर्दळ होती. म्हातारी माणसं खाली उतरायची, दुकानाच्या गारव्यात टेकायची. पहिलीत पडकी घरं, ओसाड रस्ते आणि चोरांची धास्ती. लोक दारं-खिडक्या बंद करून बसले आणि आतच गेले.

शहर शिकलं. 1999 मध्ये पुन्हा लाट आली तेव्हा पालिकेनं कूलिंग सेंटर (सगळ्यांसाठी गारव्याच्या खोल्या) उघडली, तिथं नेणाऱ्या बस फुकट केल्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारावर पोलीस व कर्मचारी पाठवले. मृत्यू 110 च्या आसपास राहिले. माझ्या मते यात खोलीइतकंच बसचं आणि दार ठोठावणाऱ्याचं मोल आहे. 2021 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात लाटेनं 619 बळी घेतले. त्यांतले 98 टक्के घरात किंवा इमारतीतच दगावले आणि निम्म्याहून अधिक जण एकटे राहत होते.

दिवसातले दोन-तीन तास जरी थंड जागी काढता आले, तरी शरीराला सावरायला अवधी मिळतो. त्यासाठी महाल लागत नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत शाळेचा हॉल, कूलर, वाळ्याच्या ताट्या आणि पिण्याचं पाणी एवढ्यावर भागतं. कोकणपट्टीत कूलर ओलावाच वाढवतो. तिथं एसी हवा. पण खोली चालत जाण्याच्या अंतरावर हवी. बायकांना निर्धास्त बसता यावं, शौचालय असावं आणि संध्याकाळी पाचला कुलूप लागू नये; कारण पत्र्याच्या खोल्या रात्रीही भट्टीसारख्या तापलेल्या असतात. हमालाला, फेरीवाल्याला तिथं टेकायचं तर मजुरी बुडणार नाही, याचीही सोय करावी लागेल. अहमदाबादनं 2010 च्या भीषण मे महिन्यानंतर, 2013 मध्ये, उष्णतेचा कृती आराखडा केला आणि नागपूरसह अनेक शहरांनी ती वाट धरली. त्या आराखड्यांत एकट्या माणसांची वॉर्डवार यादी हवीच हवी.

ती होईपर्यंत आपल्या हातात बरंच आहे. पारा चाळिशीपुढं गेला, की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अंग ओलं करूनच त्याखाली बसा. कुणी भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो साधा ताप नव्हे. पॅरासिटामॉलनं तो उतरत नाही. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचं दार दुपारी एकदा, रात्री एकदा वाजवा.