क्विंटलभर सोयाबीन, अठरा किलो तेल

बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली किंवा मेहकरच्या बाजार समितीत बोली सुटते आणि शेतकरी विचारतो, "यंदा पीक कमी, तरी भाव का पडला?" उत्तरासाठी एक क्विंटल सोयाबीन गिरणीत नेऊन पाहू.

त्यातून साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते. सोयाबीनचा भाव या दोन्हींवर ठरतो.

आधी तेल. आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं: इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल तेल. बंदरावर ते स्वस्त उतरलं की गिरणीवाला इथल्या सोयाबीनला जास्त भाव देऊ शकत नाही. मधे बांध असतो तो आयात शुल्काचा. केंद्राने सप्टेंबर 2024मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं, मे 2025अखेर 10 टक्क्यांवर आणलं. ग्राहकाला दिलासा मिळाला, पण बांध खचला. पेंडीचा भावही असाच दबतो. इथेनॉलसाठी मका वापरल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात तिची जागा घेतो.

मग स्वस्त तेल आणतच राहावं? युद्धामुळे युक्रेनचं तेल अडलं असतानाच 28 एप्रिल 2022 रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. बंदी साडेतीन आठवडे टिकली. पैसा हाती असूनही माल मिळेना, अशी वेळ येऊ शकते हे तेव्हा कळलं.

घरीच पिकवायचं तर निसर्गाची वेस आडवी येते. घाटावरचं सोयाबीन बहुतांश जिरायती. शेंग भरताना पावसाचा खंड पडला की दाणा बारीक राहतो. घाटाखाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं. पेरा वाढवावा तर कपाशी, तूर हटते. खतासाठी लागणारा स्फुरदाचा खडकही जॉर्डन-मोरोक्कोहून येतो.

म्हणून आहे त्याच रानात उतारा वाढवायला हवा. ब्राझीलमध्ये हेक्टरी 3 टनांहून जास्त येतं, आपल्याकडे साधारण 1 टन. रुंद वरंबा-सरीमुळे ओल टिकते. पाणी साठवण्यासाठी तलाव खोल करून ती माती महामार्गाला वापरण्याचा 'बुलडाणा पॅटर्न' याच जिल्ह्याचा. त्याच्या जोडीला शुल्काचं धोरण पेरणीआधी जाहीर व्हावं आणि हंगामभर टिकावं.

बंदी एका रात्रीत लागते. सोयाबीनला मात्र शंभर दिवस लागतात, तेही जूनचा पाऊस आला तर. त्या शंभर दिवसांचा भरवसा शेतकऱ्याला देणं, हीच देशाच्या तेलाची खरी साठवण.