पडता बाजार आणि पक्के समज: गुंतवणुकीतील काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

शेअर बाजारातील जोखीम दोन प्रकारची असते. सगळा बाजार एकदम खाली येतो, ही एक. एखादी कंपनीच बुडते, ही दुसरी. पहिल्या प्रकारात भारतीय बाजाराचा निर्देशांक आजवर प्रत्येक वेळी, कधी लवकर तर कधी फार उशिरा, पूर्वपदावर आलेला आहे. दुसऱ्या प्रकारात पैसा बहुधा येतच नाही. या दोहोंची गल्लत झाली की एकाच घरात दोन टोकाची मते ऐकू येतात: "शेअर म्हणजे जुगार" आणि "धरून ठेवा, वर येतोच". दोन्ही अर्धवट आहेत, आणि ती तपासायला रत्नागिरी जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल.

"मोठी कंपनी बुडत नाही"

गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळ वीज प्रकल्प उभारणारी एन्रॉन ही अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कंपन्यांत गणली जात होती. ऑगस्ट २००० मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात तिचा शेअर ९० डॉलरच्या आसपास होता. नोव्हेंबर २००१ संपता संपता तो एका डॉलरखाली गेला आणि २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वीजदराच्या वादात प्रकल्प त्याआधी काही महिने बंद पडला होता, त्यामुळे दाभोळने एन्रॉनला बुडवले असे कोकणात अजून कोणी कोणी सांगतो. ते खरे नाही. एन्रॉन बुडाली ती ताळेबंदाबाहेर लपवलेल्या कर्जामुळे आणि फुगवलेल्या नफ्यामुळे; दाभोळ हा तिच्या पसाऱ्याचा एक तुकडा होता. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे आला.

या प्रकरणात गुंतवणूकदाराच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. एन्रॉनच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या पुंजीचा मोठा हिस्सा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. कंपनी बुडाली तेव्हा नोकरी आणि म्हातारपणाची सोय दोन्ही गेली.

जवळची कंपनी म्हणजे खात्रीची कंपनी, हा याच समजाचा धाकटा भाऊ. रत्नागिरीजवळ रनपार-गोळप भागात फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसीचा कारखाना आणि स्वतःची जेट्टी आहे. फाटकातून रोज ये-जा करणाऱ्याला कारखाना कसा चालतो हे चांगले ठाऊक असते. शेअरचा भाव मात्र पीव्हीसी आणि त्याचा कच्चा माल यांच्या जागतिक दरांतील तफावत, शेतीच्या व घरबांधणीच्या पाइपांची मागणी आणि आयात यांवर हलतो, आणि यांतले काहीच फाटकातून दिसत नाही. कंपनी चांगली की वाईट, हा येथे मुद्दा नाही. पगार, ठेव, घर आणि शेअर हे चारही एकाच गावाच्या नशिबाला बांधलेले असले, तर गावाला बसलेला धक्का चौपट लागतो.

बुडीताची उदाहरणे भारतातही आहेत. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या प्रमुखांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि शेअर त्या एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक घसरला. १९८६ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, सेन्सेक्स, प्रसिद्ध होऊ लागला तेव्हाच्या तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि हिंदुस्थान मोटर्स होत्या. रस्त्यावर त्यांच्या फियाट आणि अॅम्बॅसडर यांखेरीज फारसे काही दिसत नसे, असा एक काळ होता. त्या कंपन्या पुढे निर्देशांकातून गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. निर्देशांक पडून पुन्हा उठतो याचे एक कारण हेच: तो दुबळ्यांना वेळोवेळी बाहेर काढतो. घरच्या कपाटातला शेअर अशी छाननी करत नाही. म्हणून "धरून ठेवा" हा सल्ला निर्देशांकावर आधारित किंवा भरपूर कंपन्यांत पसरलेल्या फंडाला लागू पडतो, एकट्यादुकट्या शेअरला नाही.

"विकले नाही तोवर तोटा नाही"

८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर होता. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने जुनी पातळी क्षणभर गाठली, पुन्हा गमावली आणि तिच्या वर कायमचा गेला तो २०१३ च्या अखेरीनंतर. जवळजवळ सहा वर्षे. या सहा वर्षांत महागाई थांबली नव्हती, म्हणजे आकडा परत आला तरी त्या आकड्याने मिळणारी वस्तू कमीच होती.

कोविडच्या वेळी उलटे घडले. २३ मार्च २०२० रोजी एका दिवसात ३,९३५ अंशांनी कोसळून सेन्सेक्स २५,९८१ वर आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जानेवारीचा उच्चांक ओलांडून गेला. दोन घसरणींत एकीला सहा वर्षे लागली, दुसरीला दहा महिनेही नाहीत; आणि चालू घसरण यांपैकी कोणत्या जातीची आहे हे घसरण चालू असताना कोणालाच सांगता येत नाही. जपानचा निक्केई तर डिसेंबर १९८९ ची पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबला. कोणत्याही देशाच्या निर्देशांकावर "येतोच" अशी हमी लिहिलेली नसते.

तोटा कागदावर राहील की खरा होईल, हे बाजारापेक्षा गरजेच्या तारखेवर ठरते. मार्च २००९ मध्ये मुलाच्या इंजिनीअरिंगची फी भरायची होती त्याच्यासाठी तोटा कागदावरचा नव्हताच. ५० टक्के घसरलेली रक्कम मूळपदावर यायला १०० टक्के वाढावी लागते, हे साधे गणितही घाईच्या वेळी विसरले जाते. म्हणून पुढील पाच वर्षांत ज्या पैशाला निश्चित काम आहे, तो शेअरमध्ये असू नये. बाकी सर्व नियम याच्या नंतर येतात.

"एसआयपीत नुकसान होत नाही"

दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे ही सवय आता गावोगाव पोचली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातून एसआयपीद्वारे एका महिन्यात २५ हजार कोटींहून अधिक रक्कम आली. या सवयीबद्दलची समजूत मात्र कच्ची आहे. एसआयपी ही योजना नव्हे, योजनेत पैसे टाकण्याची पद्धत आहे. एखाद्या फंडाच्या युनिटचा भाव तीन महिन्यांत ५०, ४० आणि पुन्हा ५० रुपये असला आणि दरमहा १,००० रुपये गुंतवले, तर २०, २५ आणि २० अशी ६५ युनिटे मिळतात. सरासरी खरेदी ४६ रुपये १५ पैशांना पडते, म्हणजे ५० च्या भावाला थोडा नफा. पण तिसऱ्या महिन्यात भाव ५० ऐवजी ३५ असता तर तोटाच दिसला असता. खरेदीची सरासरी उतरते, एवढेच या पद्धतीचे काम. नफ्याचे वचन तीत नाही. शिवाय भाव खाली असताना हप्ता बंद केला, तर ज्या महिन्यांत स्वस्त युनिटे मिळायची नेमके तेच महिने हातचे जातात. बाजार पडला की एसआयपी थांबवणारा माणूस तिचा एकमेव फायदा सोडून देत असतो.

रत्नागिरीत अडचण वेगळी आहे. एसआयपी ही पगारदाराच्या महिन्यावर बेतलेली. हापूसच्या बागायतदाराचा पैसा मार्च ते मे या काळात येतो, तोही मोहोर टिकला आणि अवकाळी पावसाने घात केला नाही तर. खर्च मात्र पावसाळा सरताच फवारणीपासून सुरू होतो. मिरकरवाड्याच्या बंदरातील नौकामालक आणि खलाशी यांची यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै कायद्यानेच बंद असते. अशा घराने वर्षभराचा हप्ता बांधून घेतला, तर भर पावसात खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो आणि बँक दंड आकारते. हंगामाची रक्कम एकदम लिक्विड फंडात ठेवून तेथून दरमहा थोडी थोडी शेअर फंडात वळवण्याची सोय म्युच्युअल फंडांकडे असते. हंगामी उत्पन्नाला ती अधिक जुळते. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा हा नेहमीचा सल्लाही येथे तोकडा आहे. एक हंगाम पूर्ण वाया गेला तर पुढचा येईपर्यंत वर्ष काढावे लागते, आणि शिल्लक त्या वर्षाची हवी. आधीच आंब्यावर किंवा समुद्रावर जुगार खेळणाऱ्या घराने शेअरमधील वाटा पगारदारापेक्षा कमी ठेवला, तर त्याला भित्रेपणा म्हणता येणार नाही.

"पडण्याआधी विकायचे, खाली आला की घ्यायचे"

३ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतदानोत्तर अंदाजांनंतर, सेन्सेक्स ७६,४६९ या विक्रमी पातळीवर बंद झाला. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष निकालांत तो ४,३९० अंशांनी आपटला. ७ जूनला तो ७६,६९३ वर, म्हणजे नव्या उच्चांकावर होता. चार तारखेला घाबरून विकणाऱ्याला परत घुसायला तीन दिवस मिळाले, आणि घाबरलेल्याला अशा वेळी "अजून खाली येईल" असेच वाटत राहते. विकण्याची वेळ आणि परत घेण्याची वेळ अशा दोन्ही अचूक साधाव्या लागतात. एक साधून भागत नाही. त्यात कर आहे: २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकल्यास वर्षाकाठी सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के.

सुरुवातीला आलेले "शेअर म्हणजे जुगार" हे वाक्य वायदे बाजाराबद्दल, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सबद्दल, फारसे खोटे नाही. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून अधिक होता. मोबाइलवर "खात्रीची टीप" देणारे गट बहुतेक याच दिशेने नेतात. कंपनीचा शेअर धंद्यातील वाटा असतो, लाभांश देऊ शकतो. ऑप्शन मुदत संपताना फायद्यात नसला, तर हाती काहीही उरत नाही.

"ठेव, सोने आणि जमीन निर्धोक"

बँकेतील ठेवीला विमा असतो, पण प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा १ लाख होती. ती फेब्रुवारी २०२० मध्ये वाढली. कोकणात याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सहकारी पतसंस्थेतील ठेवीला हा विमा मुळीच नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, ती बँक नव्हे. अनेक पतसंस्था वर्षानुवर्षे चोख चालतात. पण अर्धा-एक टक्का जादा व्याज हा त्या नसलेल्या विम्याचा मोबदला आहे, हे ठेव ठेवणाऱ्याला माहीत असायला हवे. ठेवीत जोखीम हळू चालणारीही असते. ७ टक्के व्याजावर ३० टक्के कर गेल्यावर ४.९ टक्के उरतात, आणि महागाई ६ टक्के असेल तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात.

सोन्याचा भाव २०१२ मध्ये दहा ग्रॅमला ३१ हजारांच्या आसपास होता, २०१५ मध्ये तो २६ हजारांच्या घरात आला. डॉलरच्या भाषेत १९८० चा उच्चांक गाठायला सोन्याला २००८ उजाडले. दागिन्यावर घडणावळ जाते ती वेगळीच.

जमिनीचा भाव पडत नाही असे वाटते, कारण तो रोज छापून येत नाही. विकायला काढल्याशिवाय तो कळतच नाही, आणि सामाईक सातबाऱ्यावर दहा-वीस नावे असली तर विकायलाही काढता येत नाही. राजापूर तालुक्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची चाहूल लागताच बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या. मार्च २०१९ मध्ये शासनाने भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. एका प्रकल्पाच्या भरवशावर घेतलेली जमीन ही एका कंपनीच्या शेअरसारखीच, फक्त गिऱ्हाईक शोधायला अधिक वेळ लावणारी.

"नॉमिनी लावला की काम झाले"

नामनिर्देशन झाले म्हणजे मालकी ठरली, असे नव्हे. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की शेअरचा नॉमिनी हा मालक होत नाही. वारसा हक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो. मुंबईच्या चाकरमान्यांनी १९८० च्या दशकात घेतलेले कागदी शेअर आजही गावच्या घरांत ट्रंकांच्या तळाशी सापडतात. १ एप्रिल २०१९ पासून असे प्रमाणपत्र डीमॅट केल्याखेरीज विकता येत नाही. ज्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतलेला नाही, ते गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथून ते परत मिळवता येतात, पण त्यासाठी आधी कंपनीकडे वारसाची कागदपत्रे द्यावी लागतात आणि मग निधीकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. हे काम वारसाला स्वतः करता येते, दलालाला टक्केवारी द्यावी लागत नाही.